रात्री साडेअकराची सूचना

२८ मार्च २०१८, बुधवार. दुसऱ्या दिवशी महावीर जयंतीची सुट्टी होती. पण ड्रुपल नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारी संकेतस्थळं सांभाळणाऱ्यांनी त्या रात्री संगणक बंद केले नाहीत. आठवडाभर आधी, २१ मार्चला, ड्रुपलच्या सुरक्षा गटाने साऱ्या जगाला कळवलं होतं की पुढच्या बुधवारी एक अत्यंत गंभीर दुरुस्ती जाहीर होणार आहे. भारतीय घड्याळाप्रमाणे ती वेळ होती रात्री साडेअकरा ते एक. तेवढा वेळ मोकळा ठेवा, दुरुस्ती आली की लगेच चढवा, एवढंच सांगितलं होतं. चूक नेमकी कुठे आहे, याबद्दल एक अक्षरही नव्हतं.

ते मुद्दामच होतं. चूक सांगितली असती तर आठवडाभर लाखो संकेतस्थळांची दारं उघडी राहिली असती. आणि काहीच न सांगता दुरुस्ती जाहीर केली असती, तर अर्धं जग झोपेत असताना हल्लेखोरांनी गाठलं असतं. मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांचं काम फक्त प्रोग्रॅम लिहिण्याचं असतं, असा आपला समज असतो. पण केव्हा बोलायचं, किती बोलायचं आणि ते कोणापर्यंत पोचवायचं, हा त्या कामाचा तितकाच मोठा भाग आहे. या भागात चुकलं की अचूक लिहिलेली दुरुस्तीही निरुपयोगी ठरते.

मराठी वाचकाचा या सॉफ्टवेअरशी संबंध आलेला असतो, फक्त त्याला नाव ठाऊक नसतं. १६ सप्टेंबर १९९६ रोजी, गणेशचतुर्थीला, अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून 'मायबोली' सुरू केली. पुढे 'मनोगत', 'उपक्रम', 'मिसळपाव', 'ऐसी अक्षरे' अशी चर्चेची ठिकाणं उभी राहिली. हजारो मराठी माणसांनी तिथे पहिल्यांदा संगणकावर देवनागरीत लिहिलं, भांडणं केली, पाककृती दिल्या, प्रवासवर्णनं लिहिली. 'धागा', 'प्रतिसाद', 'खरडवही', 'विचारपूस', 'व्यनि' हे शब्द तिथेच रुळले. या सगळ्या ठिकाणांच्या पोटात कधी ना कधी ड्रुपल चाललेलं आहे.

ड्रुपलचा जन्मही गप्पांतूनच झाला. २००० साली बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या वसतिगृहात काही विद्यार्थ्यांनी इंटरनेटची एकच जोडणी आपसांत वाटून घेतली होती. जोडणी चालू आहे की बंद, आज जेवायला कुठे जमायचं, असे निरोप ठेवायला जागा हवी होती. ड्रीस बाउटार्ट या विद्यार्थ्याने त्यासाठी एक छोटा निरोपफळा लिहिला. जानेवारी २००१ मध्ये त्याने तो सर्वांसाठी खुला केला. खुला म्हणजे नुसता फुकट नव्हे. त्याचा सगळा कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, पुढे वाटता येतो; यालाच मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. वसतिगृहातल्या मित्रांचा फळा असा सात समुद्रांपलीकडे गेला, आणि त्याबरोबर एक नवी अडचणही गेली. शेजारच्या खोलीतल्या मित्राला दार ठोठावून सांगता येतं. पुण्यात, बेळगावात किंवा बॉस्टनमध्ये कोण आपलं सॉफ्टवेअर वापरतंय, हे मूळ लेखकाला कळणार कसं?

ही अडचण किती महाग पडू शकते, हे २००४ च्या डिसेंबरात दिसलं. तेव्हा चर्चास्थळं चालवण्यासाठी पीएचपीबीबी हे मुक्त सॉफ्टवेअर अतिशय लोकप्रिय होतं. त्यात एक भोक सापडलं. सांभाळणाऱ्यांनी १८ नोव्हेंबरला दुरुस्त आवृत्ती काढली आणि जाहीरही केली. पुढे महिनाभराने, २१ डिसेंबरच्या आसपास, 'सँटी' नावाचा किडा सुटला. तो गूगलवर शोध घेऊन पीएचपीबीबीची पानं हुडकायचा आणि तिथल्या पानांच्या फाइली पुसून स्वतःचा मजकूर लिहायचा. हजारो चर्चास्थळं एका दिवसात उद्ध्वस्त झाली. शेवटी गूगलने त्या किड्याचे शोध अडवले, तेव्हा कुठे तो थांबला. औषध तयार होतं, महिनाभर फळीवर होतं. पण ज्यांनी हौसेने एकदा चर्चास्थळ उभं केलं आणि पुन्हा त्या सॉफ्टवेअरच्या मूळ पानाकडे कधी फिरकले नाहीत, त्यांच्यापर्यंत निरोपच पोचला नाही.

दहा वर्षांनी ड्रुपलवर तशीच वेळ आली, आणि या वेळी महिनाभराची सवडही मिळाली नाही. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी भारतात रात्रीचे साडेनऊ वाजले असताना एक गंभीर दुरुस्ती जाहीर झाली. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती सर्वांना दिसते. ओळी बदललेल्या दिसल्या की जुन्या ओळींत दोष काय होता, हेही जाणकाराला मिनिटांत उमगतं. कुलूप बदलताना जुनं कुलूप कसं उघडत होतं, हेच चारचौघांत सांगितल्यासारखं. काही तासांतच हल्ले सुरू झाले. दोन आठवड्यांनी, २९ ऑक्टोबरला, सुरक्षा गटाने स्पष्ट शब्दांत लिहिलं की जाहीर झाल्यापासून सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नसेल, त्यांनी आपलं संकेतस्थळ फुटलं आहे असंच धरून चालावं.

ते सात तास म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार. नोकरी करून, फावल्या वेळात एखादं संकेतस्थळ चालवणारा माणूस त्या वेळात झोपलेला असतो. त्याचा दोष काय?

२९ ऑक्टोबरच्या त्या निवेदनात आपल्या बाजूने कसलीही सारवासारव नव्हती, ही त्या गटाची मोठी गोष्ट. आणि त्यांनी धडाही घेतला. २०१८ मध्ये तेवढाच गंभीर दोष सापडला, तेव्हा आठवडाभर आधी दवंडी पिटली गेली, तास ठरवून दिले गेले. ज्या जुन्या आवृत्त्यांची जबाबदारी गटाने सोडली होती, त्यांतल्या काहींसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती काढली. त्या बुधवारी रात्री जे जागे होते, त्यांनी दीडेक तासात आपापली घरं बंद करून घेतली. हल्ल्याची रीत उघडपणे फिरू लागली ती त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. पीएचपीबीबीचे वापरकर्ते आणि ड्रुपलचे वापरकर्ते यांच्यात हुशारीचा फरक नव्हता. एकांना निरोप वेळेवर मिळाला, एवढाच फरक होता.

निरोपाची ही कला बंगळूरला फार आधीपासून ठाऊक आहे. अतुल चिटणीस यांचा जन्म बर्लिनचा, शाळकरी वर्षं बेळगावची आणि कर्मभूमी बंगळूर. भारतात घरोघर इंटरनेट येण्याआधी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी तिथे 'सिक्स' नावाचं संगणकीय चर्चाकेंद्र चालवलं. मोडेमवरून फोन लावायचा, निरोप वाचायचे, उत्तर लिहायचं आणि फोन ठेवायचा. १९९६ पासून 'पीसी क्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या सीडी घरोघर पोचू लागल्या, त्यामागेही त्यांचा हात होता. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'लिनक्स बंगलोर' ही परिषद भरवली. पुढे तिचं नाव 'फॉस डॉट इन' झालं आणि ती २०१२ पर्यंत भरत राहिली. मध्यावर त्यांनी या परिषदेचा रोखच बदलला. मुक्त सॉफ्टवेअर वापरा, हे सांगणं पुरे झालं. आता जगाच्या या कामात आपली भर काय, असा प्रश्न त्यांनी भारतीय प्रोग्रॅमरांपुढे ठेवला आणि भाषणं कमी करून लोकांना शेजारी बसून कोड लिहायला लावलं. २०१३ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, ते गेले. आज मुक्त सॉफ्टवेअरच्या कामात भारतीय नावं सहज दिसतात, त्यामागे या हट्टाचा मोठा वाटा आहे.

भाषा आणि संगणक यांना जोडणारी चामराजपेटही त्याच शहरात आहे. १८९२ मध्ये आखलेली, दहाव्या चामराज वोडेयरांच्या नावाची ही जुनी पेठ. १९१५ साली स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेचं घर इथे आहे, आणि संगणकावरच्या कन्नडसाठी झटणारी कन्नड गणक परिषदही याच पेठेतली. एका भाषेची साहित्यसंस्था आणि संगणकसंस्था अशा एकाच पेठेत नांदतात, हे मराठी माणसाने मुद्दाम पाहावं असं आहे. गणक परिषदेचं 'नुडी' हे विनामूल्य सॉफ्टवेअर कर्नाटकच्या सरकारी कचेऱ्यांत पोचलं. नुडी म्हणजे बोल. याच शहरातल्या शेषाद्री वासू यांचं 'बरह', म्हणजे लेखन, तर आपल्याकडेही घरोघर होतं. दोन हजारच्या दशकात मराठी संकेतस्थळांवर लिहिणारे कितीतरी लोक या कन्नड नावाच्या साधनातून मराठी टंकत होते.

पुढे 'बरह'च्या नव्या आवृत्त्यांना किंमत द्यावी लागू लागली. तो निर्मात्याचा हक्कच, आणि इतकी वर्षं फुकट दिलं याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण विनामूल्य आणि मुक्त यांतला भेद इथे नीट कळतो. विनामूल्य वस्तूचं पुढे काय होणार, हे देणारा ठरवतो. मुक्त वस्तूच्या बाबतीत वापरणाऱ्यालाही आत शिरून हात लावता येतो. मात्र त्यासाठी वापरणारा आणि सांभाळणारा यांच्यात बोलणं चालू असावं लागतं.

देवनागरीचंच एक उदाहरण पाहू. चर्चेच्या यादीत लांब शीर्षकं कापून दाखवली जातात. समजा, शीर्षक आहे 'स्त्रीशिक्षण आणि आपण'. आपल्या डोळ्यांना 'स्त्री' हे एक अक्षर. संगणकाच्या लेखी ते सहा तुकड्यांचं: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत यातला प्रत्येक तुकडा तीन बाइट घेतो, म्हणजे एका 'स्त्री'ला अठरा बाइट. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटचं. इंग्रजीत विचार करणाऱ्या प्रोग्रॅमरने 'इतक्या बाइटनंतर काप' असं लिहिलं, तर त्याच्याकडे सगळं सुरळीत दिसतं. मराठी पानावर मात्र शीर्षक 'स्त्' वर तुटतं, किंवा शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं.

युरोपात बसलेल्या त्या प्रोग्रॅमरला हे आपोआप कधीच कळणार नाही. 'तुमचं सॉफ्टवेअर मराठीत चालत नाही' एवढं कळवलं तर त्याला त्यातून काही करताही येत नाही. कोणती आवृत्ती, कोणतं पान, नेमका कोणता मजकूर टाकला, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, एवढं लिहून शेजारी पडद्याचं चित्र जोडलं, की अर्धं काम झालं. चांगली तक्रार ही अर्धी दुरुस्तीच असते. आणि ती कोणीतरी भाषांतरून पोचवावी लागते. मराठी संकेतस्थळांवर 'पान उमटत नाही', 'प्रतिसाद दोनदा आला' असं सदस्य मराठीत लिहितात. संकेतस्थळाचे चालक ते तपासतात, त्यातला सॉफ्टवेअरचा दोष आणि स्वतःच्या मांडणीतला दोष वेगळा करतात, मग मूळ प्रकल्पाकडे इंग्रजीत कळवतात. उत्तर आलं की पुन्हा सदस्यांना मराठीत समजावतात. हे दुभाष्याचं काम कोणत्याही पगारपत्रकात नसतं.

सांभाळणाऱ्याशी कसं बोलावं, यालाही तेवढंच महत्त्व आहे. एक्सझेड नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर जगातल्या असंख्य लिनक्स यंत्रांत असतं. फिनलंडचे लासे कॉलिन ते अनेक वर्षं जवळपास एकट्याने सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावं त्यांच्यावर दडपण आणू लागली: काम मंद का, दुसऱ्याला अधिकार का देत नाही? हे बिनपगारी, हौसेचं काम आहे, असं कॉलिन यांनी सांगून पाहिलं. अखेर मदतीला आलेल्या एका व्यक्तीकडे त्यांनी अधिकार सोपवले. त्याच व्यक्तीने नंतर आत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर जोडणीला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने शोध घेतला आणि मोठा अनर्थ टळला. कोडमध्ये चोरदरवाजा बसवण्याआधी हल्लेखोरांनी एका थकलेल्या माणसाशी होणाऱ्या बोलण्याचा आधार घेतला होता. तेव्हा तिथे धीराचे, आपुलकीचे चार खरे आवाज असते, तर त्या खोट्या आवाजांचं इतकं फावलं नसतं.

चर्चास्थळांपुढचं आजचं मोठं काम स्थलांतराचं आहे. ड्रुपलची सातवी आवृत्ती ५ जानेवारी २०११ ला आली. २०१५ च्या आठव्या आवृत्तीत आतली रचनाच बदलल्यामुळे जुनं संकेतस्थळ जसंच्या तसं उचलून नेता येईना. छोट्या संस्था अडकल्या. त्यांनी तसं कळवलं, आणि सातव्या आवृत्तीचा निरोप समारंभ २०२१ वरून पुन्हा पुन्हा पुढे ढकलला गेला. अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी, बरोबर चौदा वर्षांनी, तिला अधिकृत रजा मिळाली.

त्यानंतरही जुन्या आवृत्तीवर जी चर्चास्थळं उभी आहेत, त्यांच्या चालकांपुढे आता वीस-वीस वर्षांचे धागे आहेत. कोणाची पहिली कविता, कोणाची आजीकडून लिहून घेतलेली मसाल्याची कृती, आज हयात नसलेल्या सदस्यांचे प्रतिसाद. ते नव्या घरात नेताना एकही जोडाक्षर तुटू नये म्हणून आधी एक प्रत काढायची, ती वेगळ्या यंत्रावर चालवून पाहायची, आणि मग सदस्यांना कळवायचं: शनिवारी रात्री देखभालीसाठी संकेतस्थळ काही तास बंद राहील, काही बिघडलेलं दिसलं तर पानाचा पत्ता आणि चित्र जरूर पाठवा.