गिर्यारोहणाच्या दोराची निगा व साठवण

गिर्यारोहणाच्या दोराची निगा व साठवण या संज्ञेत प्रस्तरारोहण, अवरोहण, दरी ओलांडणे आणि बचावकार्य यांसाठी वापरला जाणारा दोर दोन मोहिमांच्या मधल्या काळात तपासणे, धुणे, वाळवणे, गुंडाळणे आणि योग्य जागी ठेवणे या कृतींचा समावेश होतो. महाराष्ट्रात सह्याद्रीतील किल्ले, सुळके व धबधबे येथे शनिवार-रविवारी नियमित भ्रमंती करणाऱ्या संस्था अनेक आहेत. त्यांचा दोर रविवारी रात्री घरी येतो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा बाहेर पडतो. मधल्या पाच-सहा दिवसांत तो कसा ठेवला जातो, यावर त्याची विश्वासार्हता मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. कड्यावर होणारी झीज बहुधा डोळ्यांना दिसते. चुकीच्या साठवणीमुळे होणारी हानी मात्र अनेकदा दिसत नाही.

दोराची रचना

पूर्वी गिर्यारोहणासाठी ताग, अंबाडी किंवा मनिला यांसारख्या वनस्पतिजन्य धाग्यांचे पीळदार दोर वापरत. ते ओलाव्याने कुजत आणि जोराचा झटका बसल्यास तुटत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नायलॉनचे दोर वापरात आले. १९५३ साली एडेलरिड या जर्मन कंपनीने गाभा आणि वेष्टन अशा दोन भागांचा दोर तयार केला. त्यास कर्नमँटल दोर म्हणतात. आज वापरात असलेले बहुतेक सर्व दोर याच पद्धतीचे असतात. आतील गाभा बहुतांश भार पेलतो, तर बाहेरचे विणलेले वेष्टन गाभ्याचे घर्षण, धूळ व ऊन यांपासून रक्षण करते.

या दोरांचे दोन मुख्य प्रकार आहेत. डायनॅमिक दोर ताणला जातो व पडणाऱ्या आरोहकाचा झटका शोषून घेतो. तो प्रस्तरारोहणात वापरतात. स्टॅटिक दोर फारच कमी ताणला जातो. तो अवरोहण, दरी ओलांडणे व बचावकार्य यांसाठी वापरतात. १९३२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाने, म्हणजेच यूआयएए या संस्थेने, दोरांसाठी मानके ठरवली आहेत. एकेरी वापराच्या डायनॅमिक दोराने ८० किलोग्रॅम वजनाचे किमान ५ प्रमाणित आघात न तुटता सहन करावे लागतात आणि पहिल्या आघातातील बल १२ किलोन्यूटनपेक्षा अधिक असता कामा नये. ही मानके नव्या दोरास लागू असतात. वापरात आलेल्या दोराची खात्री देणारे कोणतेही प्रमाणपत्र नसते; ती जबाबदारी दोर बाळगणाऱ्यावर येते.

हानीची कारणे

ओलावा : नायलॉन पाणी शोषून घेतो. ओला दोर जड होतो, गाठी सोडवणे कठीण जाते आणि त्याची आघात सहन करण्याची क्षमता बरीच घटते. सावलीत व हवेशीर जागी पूर्ण वाळल्यावर ही क्षमता बहुतांशी परत येते. काही दोरांवर जलरोधक प्रक्रिया केलेली असते. यूआयएएच्या मानकानुसार अशा दोराने स्वतःच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये. ही प्रक्रिया वापरागणिक झिजत जाते.

माती व कण : सह्याद्रीतील बेसाल्ट खडकाची धारदार कच आणि मुरुमाची माती वेष्टनाच्या विणीतून आत शिरते. भार पडताना हे कण धाग्यांवर करवतीसारखे घासतात. दोरावर पाय दिल्यास ते आणखी खोल दाबले जातात. म्हणून दोर तुडवू नये, हा नियम प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी शिकवला जातो.

ऊन व उष्णता : सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी नायलॉन हळूहळू ठिसूळ होतो. रंग फिकट पडणे, वेष्टन राठ होणे ही त्याची चिन्हे आहेत. पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या केलेल्या वाहनात दोर दीर्घकाळ ठेवणेही अपायकारक असते.

रसायने : दोराचा सर्वांत धोकादायक शत्रू आम्ल होय. सौम्य गंधकाम्लानेही नायलॉनची रेणुशृंखला तुटू लागते. हे आम्ल हवेत उडून जात नाही. त्यातील पाणी मात्र उडते आणि मागे राहिलेले आम्ल अधिक तीव्र होत जाते. पुष्कळदा डाग दिसत नाही, वास येत नाही आणि दोर हाताला नेहमीसारखाच लागतो. असा दोर नित्याच्या भारानेही तुटू शकतो. घरातील इन्व्हर्टरच्या तसेच वाहनांच्या शिसे-आम्ल बॅटरीत हेच आम्ल असते. संडास स्वच्छ करण्याच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते, तर विरंजक चूर्णातील क्लोरीनही नायलॉनला घातक ठरतो.

प्राणी : उंदीर, घुशी दोर कुरतडतात. पिशवीत खाद्यपदार्थांचे कण राहिले असल्यास ही शक्यता वाढते.

पालघर परिसरातील विशेष परिस्थिती

पश्चिम रेल्वेवर पालघर व बोईसर या स्थानकांच्या दरम्यान उमरोळी हे स्थानक आहे. या भागाच्या पूर्वेस काळदुर्ग, अशेरीगड, कोहोज हे डोंगरी किल्ले असून दक्षिणेस तांदुळवाडीचा किल्ला आहे. डहाणू तालुक्यात विवळवेढे येथे महालक्ष्मीचा सुळका आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, तर उत्तरेस बोईसरलगत तारापूर औद्योगिक वसाहत आहे. त्यामुळे दोराच्या साठवणीबाबत तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

पहिली गोष्ट दमट हवा. जून ते सप्टेंबर या काळात भिजलेला दोर घरात आपोआप वाळत नाही. याच काळात धबधब्यांवरील अवरोहणामुळे तो वारंवार भिजतो. दुसरी गोष्ट खारी हवा. किनाऱ्याजवळ वापरलेल्या किंवा ठेवलेल्या दोरावर मिठाचे सूक्ष्म स्फटिक साचतात आणि सोबतच्या धातूच्या साधनांना गंज लागतो. तिसरी गोष्ट रसायनांचा शेजार. तारापूर वसाहतीत रसायने, रंग व औषधे तयार करणारे अनेक कारखाने आहेत. कारखान्यात वापरलेले कपडे, हातमोजे, पिंपे किंवा रिकाम्या गोण्या यांच्यासोबत दोर ठेवणे टाळावे. कारखान्यातून आणलेल्या पिंपात किंवा गोणीत दोर भरून ठेवणे ही काटकसर जिवावर बेतू शकते.

मोहिमेनंतरची निगा

परतल्यावर त्याच रात्री, निदान दुसऱ्या दिवशी, दोर पिशवीतून बाहेर काढावा. सर्व गाठी सोडवाव्यात. गाठ तशीच राहिल्यास त्या जागी धागे कायमचे दबतात. त्यानंतर दोराची संपूर्ण लांबी हातातून सरकवत तपासावी.

दोर मळलेला असेल तरच धुवावा. मोठ्या घमेल्यात किंवा टबात सुमारे ३० अंश सेल्सिअसपर्यंतचे साधे पाणी घेऊन त्यात दोर हाताने खळबळवावा. मळ निघत नसल्यास विरंजक नसलेला सौम्य साबण वापरावा आणि दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यात खंगाळावे. घमेले आधी आम्लयुक्त द्रवासाठी वापरलेले नसावे. दोर पिळू नये, धोपटू नये, तसेच तारेच्या घासणीने घासू नये.

वाळवण्यासाठी दोर सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी सैल पसरावा किंवा जाड, गुळगुळीत बांबूवर टाकावा. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवणे सोयीचे ठरते. बाहेरून कोरडा वाटणारा दोर आत ओला असू शकतो, म्हणून दोन-तीन दिवस वाळू देणे इष्ट असते. चूल, हीटर, इस्त्री किंवा कडक ऊन यांचा उपयोग करू नये.

तपासणी

तपासणी दृष्टीने व स्पर्शाने अशा दोन्ही प्रकारे करतात. वेष्टन कापलेले, वितळून चकाकणारे, केसाळ झालेले किंवा गाभ्यावरून सरकलेले आहे का, हे डोळ्यांनी पाहतात. त्यानंतर दर हातभर अंतरावर दोराचा छोटा फास करून पाहतात. निरोगी दोर सारख्या गोलाईने वाकतो. गाभा दुखावलेला असल्यास तो त्या जागी मोडल्यासारखा वाकतो. एखादी जागा पोकळ, मऊ, फुगीर किंवा असाधारण कडक लागल्यास तो दोर वापरातून काढतात. वेष्टन फाटून पांढरा गाभा दिसत असल्यास दुसऱ्या कोणत्याही परीक्षेची आवश्यकता नसते.

दोराचा मध्य दाखवण्यासाठी साध्या शाईच्या किंवा मार्कर पेनाने खूण करू नये. त्यातील द्रावकामुळे त्या जागी दोर दुबळा होऊ शकतो. या कामासाठी दोराच्या उत्पादकाने शिफारस केलेलीच शाई वापरावी.

साठवणीची जागा

दोर थंड, कोरड्या, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी ठेवावा. जमिनीवर किंवा ओल आलेल्या भिंतीलगत न ठेवता लाकडी फळीवर किंवा रुंद खुंटीवर ठेवावा. बारीक खिळ्यावर टांगल्यास एकाच ठिकाणी वळ पडतो. वारंवार वापरायचा दोर घट्ट गुंडाळण्यापेक्षा खास कापडी पिशवीत सैल घड्यांनी रचून ठेवणे अधिक चांगले, कारण त्यामुळे पीळ पडत नाही. खांद्यावरून न्यायचा असल्यास दोन्ही बाजूंना समान पदर सोडणारी फुलपाखरू गुंडाळी करतात. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओल अडकून राहते, म्हणून ती टाळावी. इन्व्हर्टर, वाहनाची डिकी, संडास-न्हाणीघर, रॉकेल-पेट्रोलचे डबे आणि रंगकामाचे साहित्य यांजवळ दोर ठेवू नये.

आयुर्मान व नोंदवही

नायलॉन न वापरताही कालांतराने जुना होतो. बहुतेक उत्पादक न वापरलेल्या, योग्य रीतीने ठेवलेल्या दोराचे आयुष्य अधिकाधिक १० वर्षे मानतात. महिन्यातून एकदा वापरल्यास ते सुमारे ५ वर्षे, महिन्यातून अनेकदा वापरल्यास सुमारे ३ वर्षे आणि दर आठवड्याला वापरल्यास सुमारे १ वर्ष धरले जाते. या वरच्या मर्यादा आहेत. मोठा झटका, धारदार कडेवरील घर्षण किंवा आम्लाच्या संपर्काची नुसती शंकाही आली तरी नवा दोरसुद्धा बाद करावा लागतो.

दोर महाग असल्यामुळे तो बाद करण्याचा निर्णय लांबणीवर टाकण्याकडे कल असतो. या निर्णयास नोंदवहीचा आधार मिळतो. तीत दोराचा क्रमांक, खरेदीची तारीख, वापराचा प्रत्येक दिवस, ठिकाण, बसलेले झटके, धुण्याच्या तारखा आणि तपासणाऱ्याची सही असावी. एकच दोर अनेकांच्या हाती जात असलेल्या संस्थांमध्ये नोंदवही अपरिहार्य ठरते, कारण मागच्या रविवारी दोराचे काय झाले हे पुढच्या शनिवारी तो बांधणाऱ्यास अन्य मार्गाने कळत नाही. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या संस्थेसारख्या स्वयंसेवी बचाव पथकांना कोणत्याही क्षणी निघावे लागते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने दोर सदैव कोरडा व तपासलेला असणे आवश्यक असते.

बाद केलेला दोर तसाच अडगळीत ठेवल्यास एखादा नवखा तो चुकून वापरण्याची शक्यता असते. म्हणून त्याचे लहान तुकडे करतात. हे तुकडे गाठींचा सराव, सामान बांधणे किंवा पायपुसणे विणणे यांसाठी उपयोगी पडतात.

संबंधित साधने

हार्नेस व स्लिंग ही साधनेही बहुधा नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांची असल्याने त्यांना हेच नियम लागू होतात. कॅराबिनर, डिसेंडर यांसारखी धातूची साधने गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून दोरापासून वेगळ्या पिशवीत ठेवतात. कॅराबिनरच्या बिजागरीस वंगण दिल्यास जादा वंगण पुसून टाकतात, जेणेकरून ते दोरास लागणार नाही. वापराने कडा धारदार झालेला कॅराबिनर दोराचे वेष्टन कापू शकतो. म्हणून दोराच्या तपासणीबरोबरच या साधनांचीही तपासणी केली जाते.