रानाची वेळ, घराची वेळ

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका वाडीत, ऑक्टोबरमधील एका सकाळी, खुराड्यातून नेहमीचा कलकलाट ऐकू आला नाही. दार उघडले तेव्हा एकवीसपैकी सात कोंबड्या मरून पडल्या होत्या आणि उरलेल्या चौदा एका कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या. दाराची फळी पावसाने वाकली होती. तिच्याखाली अर्धी वीत फट पडली होती आणि फटीसमोरच्या ओल्या मातीत लहान पंजांचे ठसे स्पष्ट उमटले होते. घरातील आजींनी ते पाहताच सांगितले, की हा कांडेचोर, म्हणजे उदमांजर. त्याच आठवड्यात रानडुकरांच्या कळपाने कापणीला आलेल्या भाताचा एक कोपरा लोळवून टाकला होता. मुंबईतील नोकरी सोडून मे महिन्यात गावी परतलेल्या या कुटुंबाला, आपण येथे टिकू की नाही, असा प्रश्न प्रथमच पडला.

पती-पत्नी, शाळकरी वयाची दोन मुले आणि गावचे घर कधीही न सोडलेल्या आजी असे हे पाच जणांचे कुटुंब. वडिलोपार्जित तीन एकरांत हापूसची जुनी कलमे, काजू, रातांब्याची व फणसाची झाडे आणि खालच्या अंगाला भाताचे चार कुणगे. जमीन होती, पाणी होते, कष्टांची तयारीही होती. मात्र ज्या रानाला लागून हे घर उभे आहे, त्या रानाचा दिवस कसा उगवतो आणि मावळतो, याची ओळख नव्हती. पुढील वर्षभरात या कुटुंबाने जे शिकून घेतले, ते गावाकडे परतणाऱ्या प्रत्येकाला आणि त्यांना सल्ला देणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांना उपयोगी पडेल असे आहे.

तीस पिल्ले आणि पहिली चूक

कुटुंबाने जूनमध्ये वनराजा जातीची एक दिवसाची तीस पिल्ले आणली होती. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील पालनासाठी विकसित केलेली ही जात मांस व अंडी अशा दोन्ही हेतूंनी पाळता येते. त्याच संस्थेची ग्रामप्रिया ही जात मुख्यतः अंड्यांसाठी आहे. रंगीत पिसांमुळे हे पक्षी पाचोळ्यात सहज नजरेस पडत नाहीत आणि लांब पायांमुळे शत्रूपासून पळ काढू शकतात. जातीची निवड योग्यच होती; चूक झाली ती वेळेची. पिल्ले तिसऱ्या आठवड्यातच अंगणात मोकळी सोडण्यात आली आणि घार, शिक्रा व कावळे यांनी पंधरा दिवसांत नऊ पिल्ले उचलली.

लांब पायांचा उपयोग पाय लांब झाल्यानंतरच होतो. परसातील पालनात पहिले सहा आठवडे पिल्ले बंदिस्त जागेत, कृत्रिम उबेखाली वाढवावयाची असतात. पहिल्या आठवड्यात उबेचे तापमान सुमारे ३५ अंश सेल्सिअस ठेवून ते दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करत न्यावे लागते. मानमोडीची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरोची चौदाव्या दिवसाच्या सुमारास आणि मानमोडीची पुढील मात्रा अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास, हे वेळापत्रकही याच काळात पूर्ण होते. म्हणजे हे सहा आठवडे रोगप्रतिकाराचे आणि शत्रूपासून संरक्षणाचे, असे दोन्ही अर्थांनी पायाभूत ठरतात.

पडवीतील तारेचे भेंडोळे

ऑक्टोबरमधील त्या नुकसानीनंतर शेजारून सल्ला आला: कुंपणाला घरच्या मीटरवरून तार जोडा, एका रात्रीत प्रश्न मिटेल. रागाच्या भरात तारेचे एक भेंडोळे विकतही आणले गेले. ते आठवडाभर पडवीत पडून राहिले. ते जोडू दिले नाही आजींनी. कुंपणाच्या कडेने जाणारी पायवाट ओढ्याकडे उतरते. झुंजुमुंजू झाले की वाडीतील माणसे, गुरे आणि शाळेची मुले त्याच वाटेने जातात. “डुकराक तार कळता, पोराक कळत नाय,” एवढेच त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

आजींचा हा विरोध भावनेपुरता नव्हता. घरगुती विजेचा प्रवाह थेट कुंपणात सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसे, गुरे व संरक्षित वन्यप्राणी यांचे बळी जातात. सौर कुंपणाचे तत्त्व पूर्णपणे वेगळे असते. त्यातील यंत्र ठरावीक अंतराने अत्यल्प काळाचे स्पंद तारेत सोडते. प्राण्याला तीव्र झटका बसतो, पण जीव जात नाही. कोकणासारख्या भागात त्याची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. गवत व वेली तारेला टेकल्या की प्रवाह जमिनीत उतरतो आणि कुंपण निकामी होते. म्हणून तारेखालची पट्टी नियमितपणे साफ ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवूनच असे कुंपण घ्यावे. एकट्याच्या कुंपणाने रानडुकरे शेजारच्या शेतात वळतात. लगतच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन केलेले कुंपण खर्चाने हलके आणि परिणामाने टिकाऊ ठरते. नुकसान झाल्यास वन विभागाला विनाविलंब कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा मदत क्रमांक उपलब्ध आहे.

रात्रीचे घर

आजींचे दुसरे वाक्यही या कुटुंबाने लक्षात ठेवले: “दिवसाक कोंबडी आपली, रातीक रानाची.” या वाक्यात परसातील कुक्कुटपालनाचे अर्धे शास्त्र सामावले आहे. कोंबडीला अंधारात दिसत नाही. उदमांजर, रानमांजर आणि कोल्हा यांचा दिवस मात्र तेव्हाच सुरू होतो. म्हणून मोकळ्या कोंबडीपेक्षा असुरक्षित खुराड्यात कोंडलेली कोंबडी कधी कधी अधिक धोक्यात असते. तिला पळून जाण्याची वाटच उरत नाही.

हिवाळ्यात नवे खुराडे बांधले गेले. प्रौढ पक्ष्याला सुमारे दोन चौरस फूट या हिशेबाने तीस पक्ष्यांसाठी दहा फूट लांब व सहा फूट रुंद जागा ठरली. जमीन जांभ्या दगडाच्या चौथऱ्यावर घेतली. मोठ्या भोकांच्या जाळीऐवजी अर्धा इंच चौकोनांची वेल्डेड जाळी बसवली आणि तिचा खालचा भाग फूटभर जमिनीत पुरला, कारण मुंगूस व घूस उकरून आत शिरतात. कौले आणि भिंत यांमधील पोकळीही जाळीने बंद केली. उंचावर बसण्यासाठी बांबू आले, खाली भाताच्या तुसाचा थर आला आणि पाच कोंबड्यांमागे एक याप्रमाणे अंडी घालण्याच्या पेट्या ठेवल्या गेल्या.

यापेक्षाही महत्त्वाचा बदल दिनक्रमात झाला. पूर्वी धान्य अंगणात टाकले जाई. आता सायंकाळचे धान्य, सूर्य मावळण्याच्या अर्धा तास आधी, खुराड्याच्या आतच ठेवले जाते. दहा-बारा दिवसांत कोंबड्यांना त्याची सवय लागली आणि त्यांना हाकत फिरण्याचे काम संपले. दार बंद करण्यापूर्वी पक्षी मोजण्याचे काम धाकट्या मुलीकडे आहे. अंडी दिवसातून दोनदा गोळा केली जातात. धान्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात राहते. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे धामण व नाग येतात, हे पहिल्याच पावसाळ्यात दिसून आले होते. सापाला घरापासून दूर ठेवण्याचा पहिला उपाय केरसुणी हाच आहे.

चौदा आणे आंबा

मार्चमध्ये आंब्यावर माकडांची टोळी उतरू लागली. फटाके, डबे वाजवणे, बुजगावणे हे सारे उपाय चार-पाच दिवस चालले. नंतर माकडांनी त्यांची दखल घेणे सोडून दिले. मग मोठ्या मुलाने माजघरातील दिनदर्शिकेवर नोंदी ठेवण्यास सुरुवात केली: टोळी कोणत्या बाजूने आली, किती वाजता आली, कोणत्या झाडावर गेली. महिनाभरात चित्र स्पष्ट झाले. टोळी बहुतेक वेळा सकाळी ऊन अंगावर येताना आणि दुपार कलल्यावर, ओढ्यालगतच्या झाडांवरूनच बागेत शिरत होती. घरातील माणसे मात्र नेमकी त्या दोन वेळी स्वयंपाकात व दुपारच्या विश्रांतीत असत. राखणीची वेळ बदलली आणि कलमांवर झुकलेल्या रानझाडांच्या दोन-तीन फांद्या छाटून पूल तोडला. त्यानंतर नुकसान थांबले नाही, पण निम्म्याहून अधिक घटल्याचे त्या नोंदींवरून दिसले.

दुसरा बदल काढणीत केला गेला. झाडावर पिकलेल्या आंब्याचा वास माकडांना दिवसा आणि वटवाघळांना रात्री बोलावतो. हापूस चौदा आणे तयार झाला की, म्हणजे साधारण ८५ टक्के पक्वतेला, देठासह उतरवून गवतात पिकवला तर साक्याचे प्रमाणही कमी राहते. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या नूतन झेल्यामुळे देठ राखून फळ उतरवणे सोपे झाले आहे. बाजारासाठी योग्य असलेली वेळ हीच राखणीच्या दृष्टीनेही योग्य असते.

झाडाखाली पडलेली फळे हा तिसरा मुद्दा. पडलेला आंबा, काजूचे बोंड आणि फुटलेला फणस म्हणजे रानडुकरे व उदमांजरे यांना दिलेले आमंत्रण असते. याच फळांत फळमाशीच्या अळ्या वाढतात आणि कोषावस्थेसाठी मातीत उतरतात. आता अशी फळे रोज सकाळी उचलली जातात, किडलेली फळे खोल खड्ड्यात पुरली जातात आणि बागेत विद्यापीठाचा रक्षक सापळा टांगला जातो. त्यानंतर कोंबड्या कलमांखाली सोडल्या जातात. वरच्या थरातील अळ्या व कोष त्या उकरून खातात, गवत आटोक्यात ठेवतात आणि शेणखतात भर घालतात. अशा रीतीने फळबाग आणि कोंबड्या एकमेकींची राखण करू लागल्या.

नवी लागवड करतानाही रानाचा विचार झाला. केळी व पपई घराजवळ, नजरेच्या टप्प्यात आली; रानाच्या बाजूला माकडे तुलनेने कमी हात लावतात अशी काळी मिरी व दालचिनी लावली गेली. वरच्या बांधावरील जुना उंबर तोडण्याचा विचार मात्र सोडून दिला. उंबर फळांवर आला की धनेशाची जोडी तेथे येते आणि माकडांची टोळीही काही दिवस तिकडेच रमते. घरापासून दूर असलेले असे एखादे रानफळाचे झाड रानाचा वाटा रानातच ठेवते.

स्पर्शाची मर्यादा

वन्यजीवांच्या सान्निध्यात आरोग्याची शिस्तही पाळावी लागते. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१६ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात आढळला आहे. हा रोग गोचिडांमार्फत पसरतो. रानात किंवा बागेत माकड मृत आढळल्यास त्याला हात न लावता वन व आरोग्य विभागाला कळवावे. पालापाचोळा गोळा करताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि घरी आल्यावर अंग व कपडे तपासावेत. परसातील कोंबड्या अचानक मोठ्या संख्येने मरू लागल्यास त्या न हाताळता, न विकता पशुवैद्यकीय दवाखान्यात खबर द्यावी. वन्यप्राण्यांची पिल्ले उचलून घरी आणू नयेत, त्यांना खाऊ घालू नये. माकडाला एकदा दिलेले केळे पुढे अनेक वर्षे वसूल केले जाते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी तीन प्रश्न

पर्वतीय उत्तराखंडातील सीढीदार शेती असो, केरळातील घराभोवतीची मिश्र बाग असो वा कोकणातील वाडी, रानालगत नव्याने स्थिरावणाऱ्या कुटुंबाला सहसा जातींची व खतांची माहिती प्रथम दिली जाते. पहिल्या भेटीत त्याआधी तीन प्रश्न विचारावेत. कोंबड्या रात्री कोठे झोपणार? झाडाखाली पडलेले फळ कोण उचलणार आणि केव्हा? रानातून कोणता प्राणी, कोणत्या वाटेने, किती वाजता येतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा घरातील किंवा शेजारच्या वृद्ध स्त्रीकडे असते. तिला चर्चेत बसवून घ्यावे. या तीन उत्तरांनंतर दिलेला जातीचा सल्ला अधिक काळ टिकतो.

या कुटुंबाने दुसऱ्या वर्षी पुन्हा तीस पिल्ले आणली. त्यांतील सव्वीस मोठी झाली. दोन पिल्ले पहिल्या आठवड्यात दगावली आणि दोन पक्षी भरदिवसा शिक्र्याने नेले; त्याची नोंद दिनदर्शिकेवर आहे. वनराजाच्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणून आजींनी दोन गावठी कोंबड्या वेगळ्या राखल्या आहेत. एकवीस दिवस अंडी उबवण्याचे काम त्या बिनतक्रार करतात. पडवीतील तारेच्या भेंडोळ्यालाही काम मिळाले. घराच्या मीटरवरून निघालेली ती तार आता कुंपणाकडे जात नाही. मांगरातील पिल्लांच्या उबेचा दिवा तिच्यावर लागतो.