प्रतिस्पर्ध्याचा दर कुठे कळतो?

खामगाव किंवा मलकापूरच्या विक्रेत्याला सरकारी कार्यालयांना संगणक पुरवायचे असतील, तर प्रतिस्पर्ध्यांची माहिती उघड्यावरच मिळते. निविदेचे लिफाफे दोन: आधी तांत्रिक, मग आर्थिक. २०१६ साली सुरू झालेल्या केंद्राच्या ‘जेम’ या खरेदी संकेतस्थळावर लिफाफे उघडले की कोण पात्र ठरले, कोणी किती दर भरला, हे दिसते. सर्वांत कमी दराला ‘एल-वन’ म्हणतात. हे निकाल वर्षभर वहीत टिपले, तर कोण कोणत्या कंपनीचे यंत्र घेऊन उतरतो आणि किती खाली येतो, ते उमगते. माझ्या मते हीच सर्वांत भरवशाची माहिती.

आयडीसीसारख्या संस्था बाजारहिस्सा सांगतात. पण ते आकडे मुख्यतः कंपनीतून रवाना झालेल्या मालाचे, त्यामुळे दुकानात पडून राहिलेला संगणकही त्यात मोजला जातो. प्रतिस्पर्ध्यांचे उघड झालेले दर अभ्यासणे वेगळे; निविदेआधी आपसांत दर ठरवायला मात्र २००२ च्या स्पर्धा कायद्याने बंदी आहे.