आयुर्वेदाची ओळख

आयुर्वेद हा शब्द उच्चारताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे खलबत्ता, कडू काढा आणि बाजाराच्या दिवशी फडक्यावर मुळ्या मांडून बसलेला एखादा फिरस्ता उभा राहतो. वर्गात आम्ही ह्याविषयी विचारले असता बहुतेक मुलांनी 'झाडपाल्याचे औषध' असेच उत्तर दिले. हे उत्तर अगदीच चुकीचे आहे असे नाही. पण ते अपुरे आहे. आयु म्हणजे आयुष्य व वेद म्हणजे ज्ञान. रोगाचे किंवा औषधाचे नाव ह्या शब्दात कोठेही नाही. निरोगी मनुष्याचे आरोग्य राखणे हे ह्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आणि रोग्याचा रोग हटविणे हे त्यानंतरचे, असा क्रम चरकसंहितेत लावलेला आहे. हा क्रम ध्यानात ठेवला म्हणजे आयुर्वेदापासून आपण काय घ्यावे आणि कोणत्या प्रसंगी त्याच्या भरवशावर राहू नये, हे पुष्कळ अंशी आपोआप उलगडते.

चरक, सुश्रुत आणि वाग्भट हे ह्या शास्त्राचे तीन मोठे आचार्य. चरकाचा भर औषधोपचारावर, सुश्रुताचा शस्त्रक्रियेवर. वाग्भटाच्या नावे असलेल्या अष्टांगहृदयात दोहोंचे सार आहे. शरीराचा कारभार वात, पित्त आणि कफ ह्या तीन दोषांवर चालतो, त्यांचा समतोल म्हणजे आरोग्य व तो ढळणे म्हणजे रोग, असा त्यांचा सिद्धांत आहे. हे दोष सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत, आणि ते दिसतील असा हट्ट धरण्यातही अर्थ नाही. ज्या काळी जंतू कोणास ठाऊक नव्हते, त्या काळी मनुष्याची प्रकृती, भूक, झोप, मल, वय, देश आणि ऋतू ह्या सर्वांकडे एकदम पाहण्याची ती एक पद्धत होती. रोग एका अवयवाचा नसून सबंध मनुष्याचा असतो, ही दृष्टी तिच्यात आहे, आणि ती जुनी झाली असे आम्हांस वाटत नाही.

ह्या दृष्टीचा खरा उपयोग दिनचर्या व ऋतुचर्या ह्या भागांत आढळतो. व्यायाम आपल्या अर्ध्या शक्तीपर्यंतच करावा. कपाळावर घाम आला आणि तोंडाने श्वास घ्यावा लागू लागला की थांबावे. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नास, एक पाण्यास द्यावा व एक मोकळा ठेवावा. दात घासण्यास निंब, खैर, करंज अशा झाडांच्या काड्या घ्याव्यात; आमच्या खेड्यांत निंबाची काडी अजून पुरती हद्दपार झालेली नाही. मलमूत्र, शिंक, तहान, भूक, झोप इत्यादी नैसर्गिक वेग अडवू नयेत, असे तर ग्रंथांत स्वतंत्र प्रकरणच आहे. वर्गात हात वर करून बाहेर जाण्याची परवानगी मागण्यास लाजणाऱ्या मुलामुलींनी आणि ती नाकारणाऱ्या आम्हां शिक्षकांनी ते प्रकरण एकदा जरूर वाचावे.

ऋतुचर्येत वर्षाचे सहा भाग केले असून प्रत्येकात आहारविहार कसा बदलावा हे सांगितले आहे. आमच्या वऱ्हाडात ह्याचे महत्त्व निराळे पटवून द्यावयास नको. वैशाखात तिवशाच्या रस्त्यावर दुपारी चिटपाखरू दिसत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा ग्रीष्मात गोड, थंड, पातळ व हलके अन्न घ्यावे, व्यायाम कमी करावा आणि दुपारी थोडी झोप घेण्यास हरकत नाही, असे वाग्भट सांगतो. इतर ऋतूंत दिवसा झोपणे तो सहसा मान्य करीत नाही. ह्याच ऋतूत तो आंबट वर्ज्य सांगतो खरा, पण गोड पेये घ्यावयासही सांगतो; आमच्या घरचे कैरीचे पन्हे गुळामुळे कोणत्या बाजूस पडते ह्याचा निर्णय आम्ही गृहिणींवर सोपवितो. पावसाळ्यात जठराग्नी मंद होतो, म्हणून जुने धान्य खावे व पाणी उकळून प्यावे, असा नियम आहे. नदीनाल्यांना गढूळ पूर येतात त्या दिवसांत ह्या एका नियमाने जितकी हगवण टळेल तितकी कोणत्याही गोळीने टळणार नाही. थंडीत भूक वाढते. तेव्हा तेलाचे अभ्यंग व पौष्टिक अन्न चालते. एक ऋतू संपून दुसरा लागताना आधीचे सात व नंतरचे सात दिवस जुनी सवय हळूहळू सोडावी व नवी हळूहळू धरावी, ही सूचना आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

चिकित्सेच्या बाजूसही ह्या विद्येची कर्तबगारी थोडी नाही. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता ह्याने येथील औषधी द्रव्यांवर संवादरूपाने ग्रंथ लिहून तो १५६३ मध्ये गोव्यातच छापविला. त्यात येथील वैद्यांच्या ज्ञानाचा उल्लेख वारंवार येतो. पुण्याची गोष्ट तर ह्याहून नवलाची आहे. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा एक बैलगाडीवान १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला व त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्याच कपाळाची कातडी उलटवून त्यास नवे नाक बसविले. हे कर्म इंग्रज डॉक्टरांनी पाहिले आणि त्याचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आला. तो वाचून कार्प्यू ह्या इंग्रज शस्त्रवैद्याने १८१४ मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया यशस्वी केली. सुश्रुताने गालाची कातडी घ्यावयास सांगितले आहे, येथे कपाळाची घेतली. म्हणजे विद्या नुसती पाठ केलेली नव्हती, हातांत पुढे वाढली होती. तो कारागीर ग्रंथ वाचू शकत होता की नाही ह्याची कोणी नोंद केली नाही.

सर्पगंधेची कथा आपल्या अधिक जवळच्या काळातली. वेड व निद्रानाश ह्यांवर हे मूळ आपल्याकडे पूर्वीपासून दिले जाई. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील ह्यांनी ते रक्तदाबाच्या रोग्यांस देऊन पाहिले आणि त्याचे परिणाम १९४९ मध्ये इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वेधले. १९५२ मध्ये त्या मुळीतून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले व काही वर्षे ते पुष्कळ चालले. पुढे त्याने कित्येक रोग्यांच्या मनास उदासी येते असे आढळले आणि अधिक चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले. ह्या कथेत जुन्या विद्येचा गौरव आहे, तसाच परीक्षेचा आग्रहही आहे. दोहोंपैकी एकच अर्धा सांगणारे लोक फार.

'वनस्पतीच आहे, तिने अपाय कसा होईल?' हे वाक्य आम्ही पालकांच्या तोंडून नेहमी ऐकतो. धोतराही वनस्पतीच आहे आणि बचनागही. शिवाय आयुर्वेदाच्या रसशास्त्रात पारा, शिसे इत्यादींचा उपयोग शोधन-मारण करून केला जातो. अमेरिकेतील बोस्टन येथे दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदीय औषधे तपासली असता १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. शिशाचा अपाय लहान मुलांच्या बुद्धीस सर्वांत अधिक होतो, हे येथे मुद्दाम सांगणे प्राप्त आहे.

भोंदूंची भीती आजचीच आहे असेही नाही. चरकाने वैद्यांचे तीन प्रकार केले आहेत : नुसत्या पोथ्या, भांडी व औषधांचा पसारा मांडून वैद्याचे सोंग घेणारा, नामांकित लोकांशी आपला संबंध सांगून मोठेपणा मिळविणारा, आणि तिसरा, खरोखर गुणसंपन्न. रोगांचेही साध्य, कष्टसाध्य, याप्य म्हणजे केवळ ताब्यात ठेवता येण्याजोगे, व असाध्य असे भेद असून, असाध्य रोग हाती घेणारा वैद्य धन, विद्या व कीर्ती सर्व गमावतो असे बजावले आहे. तेव्हा जो वैद्य 'हे माझ्या हातचे नाही, मोठ्या रुग्णालयात न्या' असे म्हणतो, तोच आपल्या शास्त्राशी इमान राखतो.

सर्पदंशाच्या बाबतीत तर क्षणाचाही विचार नको. कापूस-सोयाबीनच्या शेतांत नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्यांचे दंश होतात. ह्या चौघांच्या विषावर चालणारी लस सरकारी रुग्णालयांत मिळते, आणि मांत्रिकाकडे घालविलेला तास परत येत नाही. पिसाळलेले कुत्रे चावले तर जखम साबण-पाण्याने धुऊन लस घ्यावी. क्षयरोगावरील औषधे सरकार विनामूल्य देते. ती सोडून काढा घेत बसू नये.

आमच्या काही ख्रिस्ती घरांतून विचारणा होते की, ज्या ग्रंथांत अन्य देवतांची नावे येतात त्यांतील पथ्य पाळावे काय? निंबाच्या काडीस धर्म नाही. मराठी पवित्र शास्त्रात लूकास वैद्यच म्हटले आहे, आणि तो शब्द आम्हांस परका वाटत नाही.

ह्या विद्येचे शिक्षण आता आपल्या दाराशी आहे. तिवशाहून अमरावतीस जाताना वाटेत मोझरीस राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये स्थापिलेला गुरुकुंज आश्रम लागतो. तेथेच श्री गुरुदेव आयुर्वेद महाविद्यालय आहे. महाराजांच्या ग्रामगीतेतही गावाच्या आरोग्यास स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. बी. ए. एम. एस. ही पदवी आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची असते, आणि तिच्यात शरीररचना व शरीरक्रिया ह्यांचा आधुनिक अभ्यासही करावा लागतो. बारावीस जीवशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींनी ह्या वाटेचाही विचार करावा. प्रवेश 'नीट' परीक्षेवर होतो. पालकांनी वैद्याकडे जाताना त्याची पदवी व नोंदणी विचारण्यास संकोच धरू नये. तयार औषध विकत घेतल्यास वेष्टनावर घटकद्रव्ये, बनविणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक व तारीख छापलेली आहे की नाही ते पाहावे. नुसत्या कागदात बांधून दिलेली निनावी पुडी मुलांच्या पोटात जाऊ देऊ नये, ती देणारा कितीही ओळखीचा असला तरी.