कालवडीच्या वाट्याची ढेप

पोळ्याला बैलाची पूजा होते. वसुबारसेला गाय-वासराला नैवेद्य मिळतो. पण जिचे वासरूपण संपले आणि जी अजून गाय झाली नाही, त्या कालवडीच्या नावाचा सण नाही. सण नसला तर बिघडत नाही. तिच्या नावाची ढेपही नसते, हे मात्र बिघडते.

आमच्या घरी अशी एक कालवड होती. सकाळी अब्बा तिला आखरावर सोडायचे आणि गायकी कळप जंगलाकडे न्यायचा. संध्याकाळी दुभत्या गाईपुढे ढेपेचे घमेले यायचे, कालवडीपुढे तणस. "दूध देईल तेव्हा खाईल," असे अब्बा म्हणत. ती पाचव्या वर्षी व्याली आणि दूध दिले तांब्याभर. आम्ही तिच्या जातीला दोष दिला. दोष आमचा होता, हे फार उशिरा कळले.

ब्रह्मपुरी हा धानाचा मुलूख. पावसाळ्यात रानात हिरवे गवत असते, तेव्हा कालवड चरून वाढते. दिवाळीनंतर गवत वाळते, आणि वाळल्या गवतात व तणसात प्रथिने शेकडा तीन-चारच उरतात. चारा पचवण्याचे काम जनावराच्या पोटातले सूक्ष्म जीव करतात. चाऱ्यात सात टक्क्यांच्या आसपास प्रथिने असली तरच ते नीट काम करतात. नसली तर चारा पोटात पडून राहतो. कालवडीचे पोट भरलेले दिसते, पण ती उपाशीच असते. पावसाळ्यात कमावलेले वजन ती उन्हाळ्यात गमावते.

उपाय घरचाच आहे. ज्वारी किंवा मक्याचा भरडा 30 किलो, जवसाची ढेप 30 किलो, धानाचा ताजा कोंडा 37 किलो, खनिज मिश्रण 2 किलो आणि मीठ 1 किलो, असे शंभर किलो खाद्य करून ठेवावे. सहा महिन्यांपुढच्या संकरित कालवडीला उन्हाळ्यात रोज एक ते दीड किलो पुरते. कठाणी ही आपल्या भागातली गाय. तिला 2023 मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदणीचे प्रमाणपत्र मिळाले. तिची कालवड अंगाने लहान, तिला याहून कमी लागते. खाद्य संध्याकाळी, चरून आल्यावर द्यावे. घमेल्याच्या ओढीने जनावर वेळेवर घराकडे वळते. आपल्याकडच्या वाघाच्या जंगलात ही गोष्ट लहान नाही.

तणसाचा कसही वाढवता येतो. शंभर किलो तणसावर चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडावा, दाबून, हवाबंद झाकून एकवीस दिवस ठेवावे. रोज लागेल तेवढे काढून, वास जाईपर्यंत पसरून मग घालावे. सहा महिन्यांखालच्या वासराला ते देऊ नये. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नये. ते विष आहे.

वाढ होते की नाही, हे टेपने कळते. छातीचा घेर आणि खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराला घेराने गुणावे, मग लांबीने गुणून 660 ने भागावे. किलोत अंदाजे वजन येते. घेर 55 आणि लांबी 48 असेल तर वजन 220 किलो. संकरित कालवड अडीचशे किलोच्या घरात आली की भरवावी. गावठी कालवड आपल्या आईच्या साठ टक्के वजनाची झाली म्हणजे तयार झाली. वय नव्हे, वजन पाहावे.

मात्र लाडाने अतीही चारू नये. लहान वयात चरबी चढली तर ती कासेत भरते आणि पुढे दूध कमी होते.

आज अब्बा नाहीत, ती कालवडही नाही. पण संध्याकाळी आखरावर धूळ उडाली की मला दोन घमेल्यांमधले ते अंतर आठवते. आपल्या गोठ्यात आज ते एकदा बघा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)