मोहल्ल्यातील पाळणाघर : बिनपावतीची अमानत

आपण व्यापारी माणसे. कापडाचा एक तागा जरी दुसऱ्याच्या गोदामात ठेवायचा झाला तरी मीटर मोजून, चलन फाडून, सही घेऊन ठेवतो. उद्या तकरार होऊ नये म्हणून डाग कुठे आहे, सूत कुठे तुटले आहे, हेही लिहून ठेवतो. मात्र आपल्या कारखान्यात काम करणाऱ्या बाया सकाळी आपले दोन वर्षांचे मूल गल्लीतल्या एखाद्या खालाच्या घरी सोडून येतात, त्याची ना पावती असते ना हिशेब. या विषयाचा धंद्याशी काय संबंध, असे काही बांधवांना वाटेल. आम्हालाही तसेच वाटत असे.

आमच्याकडे गाऊन व परकर शिवण्याचे काम चालते. गाळ्यात चौदा स्त्रिया मशीनवर बसतात. काही वर्षांपूर्वी त्यांची नऊ मुले मागच्या गल्लीतील एक खाला आपल्या दोन खोल्यांत सांभाळत असे. एके दिवशी दुपारी दीड वर्षाचे एक मूल रांगत मोरीत गेले आणि अर्ध्या भरलेल्या बादलीत डोक्यावर पडले. खालाच्या मुलीला पाय दिसले, तिने ओढून काढले म्हणून मूल वाचले. त्या दिवशी सर्व मशीन बंद पडल्या. आम्ही रागाने खालाला जाब विचारायला गेलो. ती म्हणाली, ‘‘सेठ, एका मुलामागे दिवसाचे तीस रुपये मिळतात. चार ठेवली तर माझे घर चालत नाही, म्हणून नऊ ठेवली. तुम्ही कधी विचारले का, मुले कुठे असतात?’’ आमच्याजवळ उत्तर नव्हते.

कायदा कुठपर्यंत पोहोचतो?

1948 च्या कारखाने कायद्याने, त्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार, 30 पेक्षा जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले होते. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर ही जबाबदारी टाकली. परंतु आपले गाळे दहा-पंधरा माणसांचे. 1975 साली सुरू झालेल्या योजनेतील अंगणवाडी काही तासच उघडी असते, कामाचा पूर्ण दिवस तिने भागत नाही. म्हणून भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, छोट्या कारखान्याच्या बाईला शेजारची खाला किंवा आपा हाच आधार आहे. खरे तर घरगुती वातावरण लहान मुलाला मानवते. दोष घराचा नसून गर्दीचा, कमी मेहनतान्याचा आणि बेपर्वाईचा आहे.

मुले किती ठेवावीत?

इंग्लंडमध्ये घरी मुले सांभाळणाऱ्या बाईला सरकारी नोंदणी करावी लागते. तिला एकावेळी आठ वर्षांखालील सहापेक्षा जास्त मुले ठेवता येत नाहीत. त्यात पाच वर्षांखालील तीन आणि एक वर्षाखालील साधारणपणे एकच. आपल्याकडे हे प्रमाण तंतोतंत पाळणे कठीण असेल, पण माप म्हणून ते लक्षात ठेवावे. एका बाईला दोनच हात असतात. आग लागली तर किती मुले उचलून ती बाहेर पडू शकेल, हा साधा प्रश्न विचारला की उत्तर आपोआप मिळते.

घर पाहताना काय पाहावे?

पहिली गोष्ट पाणी. रांगणाऱ्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. ते बादलीत वाकले की त्याला स्वतःहून वर येता येत नाही, आणि चार बोटे पाणीही जीव घेण्यास पुरते. वापरून झालेली बादली पालथी घालावी, पिंपावर घट्ट झाकण असावे, मोरीला फळी किंवा दार असावे.

दुसरी गोष्ट चूल, चहा व इस्त्री. मुले जमिनीवर असताना स्टोव्ह किंवा शेगडी जमिनीवर नको. मुलाला मांडीवर घेऊन गरम चहा पिऊ नये. भाजल्यास त्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये.

तिसरी गोष्ट आपल्या धंद्यातील आहे. खाला स्वतःही फावल्या वेळात धागे कापण्याचे, बटणे लावण्याचे काम करते. सुई, कात्री, बटणे मुलांच्या हाताला लागता कामा नयेत. धाग्याचा एक तुकडा तान्ह्या मुलाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडते व बोट सुजून काळे पडते. मूल विनाकारण रडत असेल तर मोजे काढून बोटे पाहावीत. ब्लीच, रंग, डाग काढण्याचे औषध हे थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरू नये.

चौथी गोष्ट गळ्यात अडकणारे पदार्थ. शेंगदाणे, चणे, अख्खी द्राक्षे लहान मुलांना देऊ नयेत. घड्याळाचा किंवा खेळण्यातला बटणासारखा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका जळू लागते, तेव्हा वाट न पाहता इस्पितळ गाठावे. एक वर्षाच्या आतील मुलाच्या घशात काही अडकून श्वास कोंडला तर त्याला हातावर पालथे, डोके खाली करून पाठीवर पाच थापा द्याव्यात. तेवढ्याने न निघाल्यास उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबावे. न दिसणारी वस्तू बोट घालून काढू नये, ती आणखी आत जाते. रुग्णवाहिकेसाठी 108 हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा.

तान्हे मूल झोपवताना उताणे झोपवावे. तोंडाजवळ उशी, गोधडी, चिंध्या नसाव्यात.

झोपेचे औषध

कापड धंद्याच्या इतिहासात एक काळे पान आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीस मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन कामावर जात. तिला ‘बाळागोळी’ म्हणत. 1931 साली मजुरांसंबंधी अहवाल देणाऱ्या शाही आयोगानेही या चालीची दखल घेतली होती. आई निर्दयी नव्हती, तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आज अफू गेली, पण मुले शांत पडून राहावीत म्हणून खोकल्याचे औषध पाजणारे लोक आहेत. 2025 साली मध्य प्रदेशात विषारी कफ सिरपने मुलांचे बळी गेले. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने बजावले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांसाठीही ती सहसा योग्य नाहीत. म्हणून नियम असा करावा की, आईने स्वतः दिलेल्या व डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाखेरीज एक थेंबही पाजायचा नाही. मूल दिवसभर सुस्त राहू लागले तर चौकशी करावी.

जुलाब झाल्यास ओ.आर.एस.चे पूर्ण पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात मिसळून घोट घोट पाजावे. पाकीट नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. आईचे दूध बंद करू नये. एक वर्षापर्यंत मध चाटवू नये.

मूल खूश कसे राहील?

सुरक्षित ठेवलेले मूल आनंदी असेलच असे नाही. पहिले तीन-चार दिवस आईने तासभर सोबत बसावे, मग हळूहळू वेळ कमी करावा. नजर चुकवून पळून जाऊ नये. ‘‘असरच्या वेळी घ्यायला येते’’ असे सांगून निघावे व त्या वेळेला यावे. आईची जुनी ओढणी सोबत दिली तर तिच्या वासाने मूल शांत होते. खेळायला महागड्या वस्तू लागत नाहीत. मोठ्या रिकाम्या बॉबिन, लाकडी चमचे, रंगीत कापडाचे चेंडू पुरेत. मोबाईल हातात देऊन गप्प बसवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे की, एक वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एक तासापेक्षा जास्त नको. ‘‘पोलीस पकडून नेईल’’ अशी भीतीही दाखवू नये.

त्या घरात आणखी कोण येते-जाते, हे आईला माहीत असले पाहिजे. हसतखेळत जाणारे मूल एकाएकी त्या दाराशी अडून रडू लागले तर त्याला मारून पाठवू नये, कारण शोधावे. लैंगिक अत्याचारापासून मुलांना वाचवणारा पॉक्सो कायदा 2012 सालापासून आहे आणि मदतीसाठी 1098 हा नंबर आहे. बदनामीच्या भीतीने अशी गोष्ट दाबणे हा मुलावर दुसरा जुलूम होय.

पडतळ काढून पाहा

त्या घटनेनंतर आम्ही खाला व मुलांच्या आयांना एकत्र बसवले. आता खाला व तिची जाऊ मिळून पाचच मुले ठेवतात. उरलेली चार त्याच गल्लीतील एक विधवा भगिनी आपल्या बहिणीसोबत सांभाळते. मुलामागे दिवसाचे साठ रुपये ठरले, निम्मे आई देते, निम्मे आम्ही. एक शाळकरी वही ठेवली आहे. मूल कधी आले, काय खाल्ले, किती झोपले, कोण घेऊन गेले, हे त्यात दोन ओळींत लिहिले जाते. हीच त्या अमानतीची पावती. आमच्या वाट्याचे दिवसाला 270 रुपये होतात. चौदा मशीनवर साडेतीनशेच्या आसपास गाऊन निघतात. म्हणजे एका गाऊनवर एक रुपयाही पडत नाही.

आणि फायदा? पूर्वी दर थोड्या दिवसांनी कोणीतरी मूल रडते म्हणून घरी राहत असे. आता खाडे कमी झाले, शिलाईत चुका कमी झाल्या. पण खरे सांगायचे तर हिशेब तोट्याचा निघाला असता तरी हा खर्च करणे आमच्यावर बंधनकारक होते. ज्या बायांच्या हातांवर आपला धंदा चालतो, त्यांचे मन दिवसभर मागच्या गल्लीत अडकलेले असते. व्यापारी बांधवांनी या आठवड्यात एकदा तरी त्या गल्लीत जावे, खालाला सलाम करावा आणि मोरीतली बादली पालथी आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे.