सीडीची झूल

मुखेडकडच्या शिवारात ज्वारीवरची पाखरं हाकायला दोरीला टांगलेल्या सीड्या पाहिल्या असतील. तशीच चळत भंगारवाल्याकडून उचलली, की पोळ्याला हातभर उंचीचा बैल उभा करता येतो. एक मात्र करा: कापण्याआधी प्रत्येक तबकडीवरचं नाव वाचा. कुणाच्या लग्नाची असली तर घरात विचारा. तिची दुसरी प्रत बहुधा नसतेच.

मग सीडी आणि डीव्हीडी वेगळ्या काढा. दोन्ही 1.2 मिलिमीटर जाड, पण कडेकडून पाहा. डीव्हीडी म्हणजे 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या. तिची चांदी मधे असते. सीडीची चांदी छापील बाजूला, नुसत्या लॅकरच्या पापुद्र्याखाली. म्हणजे आपण जिवापाड जपायचो ती चकचकीत बाजू खरी भक्कम, आणि जिच्यावर बिनधास्त पेनानं लिहायचो ती नाजूक. छापील बाजूवर ब्लेडनं रेघ ओढा, सेलोटेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. ती चांदी टेपला चिकटून येते, हातात उरते काचेसारखी चकती. ती टेप तशीच बैलाच्या शिंगांना गुंडाळा. बेगड झाली!

झुलीसाठी डीव्हीडीच घ्या, तिची चांदी पावसात सोलत नाही. थंड तबकडी कात्रीखाली काचेसारखी तडकते, म्हणून पाच मिनिटं कढत पाण्यात ठेवून लगेच पत्र्याच्या कात्रीनं कापा. डोळ्यांना चष्मा हवाच. तबकडीचं प्लास्टिक, म्हणजे पॉलीकार्बोनेट, मऊ पडायला जवळपास दीडशे अंश लागतात, पाण्यानं फक्त कडकपणा कमी होतो. कापताना दोन चकत्या सुटल्या तर ते तुकडे बाजूला टाका. चुलीवर मात्र काही धरू नका, धूर वाईट असतो.

आता जोडणी. चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंदांनी फुटक्या बांगड्या सिमेंटमध्ये रुतवल्या. पण गुळगुळीत तबकडीला सिमेंट धरत नाही. झटपट चिकटणाऱ्या गोंदानं पांढरी धुरकट झाक येते, आणि गरम करून लावायचा गोंद आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली ढिला पडतो. माझा पहिला बैल असाच अर्ध्या झुलीनिशी उभा राहिला. तेव्हापासून मी बारीक ड्रिलनं भोक पाडतो आणि तुकडा बैलाच्या सांगाड्याला बांधणीच्या तारेनं आवळतो. कौलांसारखं खालून वर रचत जायचं.

रंग कुठून येतो? तबकडीवर नागमोडी नव्हे, गोल फिरत गेलेली एकच सलग रेघ असते. सीडीत तिच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर 1.6 मायक्रोमीटर, डीव्हीडीत त्याच्या निम्म्याहून कमी. त्या दाटीवर उजेड फुटतो. सगळे तुकडे एकाच दिशेनं लावले तर झूल एकदम पेटते. थोडे तिरपे लावले तर बैल हलल्यासारखा वाटतो. मला तिरपेच आवडतात.

गोंड्यांना कॅसेट. साठ मिनिटांच्या कॅसेटमधून सुमारे 90 मीटर फीत निघते, रुंदी 3.81 मिलिमीटर. चार बोटांवर शंभर वेढे घ्या, मधे बांधा, टोकं कापा. कॅसेटची दोन दातेरी चाकं उरतील, ती गळ्यातल्या घुंगरमाळेत ओवा.